डब्याची चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरसाहेबांना

मा. डॉक्टरसाहेब,

नमस्कार. 'सप्रेम' लिहायची रीत आहे, पण माझ्या हातून ते लिहवत नाही, म्हणून नुसता नमस्कार.

तुम्ही मला ओळखणार नाही. तुमच्या नर्सिंग होममध्ये रोज बाळंतिणी येतात आणि जातात. माझं सिझर तुमच्याकडेच झालं. टाके उत्तम घातलेत, त्याबद्दल तक्रार नाही. माझी तक्रार त्यानंतरची आहे. ती पहिल्याच महिन्यात लिहायची होती, पण तेव्हा दोन्ही हात बाळात गुंतलेले आणि डोळ्याला डोळा नाही. आता मुलगी भिंत धरून चालते आहे, तेव्हा लिहायला बसले आहे.

तुमच्याकडे काय काय होतं ते आधी सांगते, कारण त्या सगळ्याचं बिल मी भरलं आहे. खोलीच्या दाराला 'इट्स अ गर्ल' लिहिलेले गुलाबी फुगे होते. बाळाचे फोटो काढायला फोटोग्राफर होता, तो टोपली, लोकरीची टोपी आणि फुलांचा पट्टा घेऊनच यायचा. बाळाच्या पावलांचे ठसे घेऊन फ्रेम करून देणारी मुलगी होती. पोट आवळायला फिजिओथेरपिस्ट होत्या, जेवणाचं बघायला आहारतज्ज्ञ होत्या. कान टोचायचे असतील तर सोनाराला बोलावून घेऊ, असं रिसेप्शनवर आपणहून सांगितलं. गाडी लावायलासुद्धा माणूस होता.

बाळाला अंगावर कसं घ्यायचं हे दाखवणारं माणूस मात्र अख्ख्या चार मजल्यांत एकही नव्हतं.

पोस्टर होतं. लिफ्टसमोर, काचेच्या चौकटीत. आईचं दूध अमृत असल्याचं त्यावर लिहिलं होतं आणि एक हसरी, इस्त्रीच्या साडीतली बाई बाळाला घेऊन बसली होती. मी दिवस भरत आल्यावर तपासणीला यायचे तेव्हा त्या पोस्टरखालच्याच बाकड्यावर बसायचे. तिथेच एकदा तुमच्या सिस्टरना विचारलं होतं, की पाजायचं कसं हे आधी कुणी समजावून सांगतं का. त्या म्हणाल्या, "अहो, त्यात काय शिकायचं? सगळ्यांना जमतं." त्या बिचाऱ्यांना दोष देत नाही. त्यांनाही कुणी शिकवलेलं नव्हतं, आणि शिकवायची जबाबदारी तुमची होती.

आता त्या रात्रीचं. सिझरनंतर मुलीला 'ऑब्झर्वेशन'साठी वर नेलं. ती रडत होती म्हणून नेलं नव्हतं, तुमच्याकडे तशी पद्धतच आहे म्हणून नेलं. बऱ्याच तासांनी आणली, तेव्हा ती गाढ झोपलेली. छातीशी धरली तर ओढेना. सिस्टर आल्या, त्यांनी दोन बोटांनी माझं निपल दाबून पाहिलं, थेंब आला नाही, आणि निकाल लागला: आईला दूध नाही. बाळ तोंड किती उघडतंय हे कुणी पाहिलं नाही. मी तिला कशी धरली आहे, पाठीला टेका आहे का, टाके दुखतायत म्हणून मी वाकडी बसले आहे का, हेही कुणी पाहिलं नाही. मग माझ्या नवऱ्याच्या हातात चिठ्ठी दिली आणि त्याला खाली मेडिकलमध्ये पाठवलं. तो पावडरीच्या दुधाचा डबा घेऊन आला. चिठ्ठीवर सही तुमची होती, डॉक्टरसाहेब. तुम्ही वर आलाच नव्हता.

तुमच्याकडच्या मावशींनी मागाहून सांगितलं, की वरच्या मजल्यावर असतानाच बाळाला एकदा डब्याचं दूध पाजलं होतं. फाइलमध्ये नोंद आहे: 'टॉप फीड, ३० मिली'. मला विचारलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

तुम्ही एम.डी. आहात, म्हणून हे तुम्हाला सांगावं लागतंय याची मला चीड येते. पहिल्या दिवशी आईला दूध नसतं, चीक असतो. तो दाट असतो आणि एका वेळी चमचाभर निघाला तरी पुष्कळ, कारण बाळाच्या पोटाला त्या दिवशी तेवढंच लागतं. भरपूर दूध उतरायला दोन ते चार दिवस जातात. सिझर झालेलं असेल तर आणखी थोडा वेळ लागू शकतो. दोन बोटांनी दाबून दूध कळत नाही, ते बाळाच्या ओढण्यानं येतं. बाळ ओढतं तेव्हा आईच्या रक्तात प्रोलॅक्टिन वाढतं आणि दूध तयार होतं, ऑक्सिटोसिन वाढतं आणि पान्हा फुटतो. जितकं निघेल तितकं पुढे बनतं. रात्री प्रोलॅक्टिन जास्त असतं, म्हणून रात्रीचं पाजणं सुरुवातीला फार मोलाचं असतं. चमचाभराची गरज असलेल्या पोटात ३० मिली पावडरीचं दूध गेलं की बाळ तासन्‌तास झोपतं. ते झोपलं की छाती ओढली जात नाही, छाती ओढली गेली नाही की दूध वाढत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सिस्टर येऊन म्हणतात, बघा, म्हटलं होतं ना, दूध पुरत नाही.

दूध पुरत नव्हतं असं नाही. तुम्ही ते पुरू दिलं नाही.

'दूध पुरत नाही' हे वाक्य एकदा कानावर पडलं की बाईचं काय होतं, हे तुम्ही कधी डिस्चार्जनंतर तिच्या घरी जाऊन पाहिलं आहे का? मी सांगते. सासूबाई अळिवाची खीर करतात, आई डिंकाचे लाडू आणि शतावरी कल्प पाठवते, शेजारच्या काकू बाळाकडे बघून "सुकलं हो पोर" म्हणून जातात, आणि प्रत्येक जण जाताना एकच सांगतो: टेन्शन घेऊ नकोस, टेन्शननं दूध आटतं. म्हणजे दूध नसण्याचा दोष तिचा आणि त्याचं वाईट वाटण्याचा दोषही तिचाच. बाळ रडलं की घरातली सगळी माणसं तिच्या छातीकडे बघतात. निपलला भेगा पडलेल्या, रक्त येतंय, दर वेळी बाळाला जवळ घेताना पायाची बोटं आखडतात, आणि तिला वाटतं हे असंच असतं, कारण सगळ्यांना जमतं असं तुमच्याच सिस्टरनी सांगितलेलं असतं.

आमच्या आया-सासवांना तरी हे कुठून माहीत असणार? गुटगुटीत बाळाला 'ग्लॅक्सो बेबी' म्हणण्याच्या काळात त्यांनी पोरं वाढवली. डब्याचं दूध ही ऐपतीची खूण होती, अंगावरचं पाजणं गरिबाची सोय होती. कितीतरी घरांत त्यामुळे पाजण्याची हातोटी आईकडून मुलीकडे आलीच नाही. हात धरून दाखवणारं कुणी घरात उरलं नाही, म्हणूनच ते दवाखान्यात असायला हवं. तुम्ही तिथे डबा ठेवलात.

आणि त्या डब्यावर काय लिहिलेलं असतं, तेही वाचा. कायद्यानंच ते लिहावं लागतं: आईचं दूध बाळासाठी सर्वोत्तम, आणि हे दूध गरज आहे का, कसं द्यायचं, हे आरोग्यसेवकानं सांगितल्यावरच वापरावं. तो आरोग्यसेवक म्हणजे तुम्ही. गरज आहे का, हे तुम्ही ठरवायचं होतं, तेही बाळ पाहून, खालच्या मजल्यावरून सही करून नव्हे. कसं द्यायचं, हे तर आम्हाला कुणीच सांगितलं नाही. "कोमट पाण्यात कालवा" एवढंच. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून ती मिसळताना पाणी ७० अंश सेल्सिअसच्या खाली नसावं आणि पाजण्याआधी ते दूध निववावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे मला पुढे दुसरीकडून कळलं. तुमच्या दारात शिरणाऱ्या प्रत्येक बाळाच्या बापाला ते तुमच्याकडून कळायला हवं होतं.

कायद्याचं निघालंच आहे तर तेही बोलू. शिशुदुग्ध पर्याय, दूधबाटल्या आणि शिशुआहार यांबाबतचा कायदा या देशात १९९२ साली झाला, २००३ साली तो आणखी कडक केला. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठीच्या डब्याची जाहिरात करायची नाही, फुकट नमुने वाटायचे नाहीत, डॉक्टर-नर्सना भेटवस्तू द्यायच्या नाहीत, दवाखान्यात त्याची पोस्टरं लावायची नाहीत. कायदा मोडला तर तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बाळाच्या तपासणीला आले तेव्हा तुमच्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या टेबलावर एक चिठ्ठ्यांचं पॅड होतं आणि भिंतीवर बाळाची उंची मोजायचा जिराफ होता. दोन्हींवर एकाच कंपनीचं नाव होतं. त्याच कंपनीचा डबा माझ्या नवऱ्यानं मेडिकलमधून आणला होता. पॅड कुणी दिलं, जिराफ कुणी चिकटवला, हे मी तुम्हाला लेखी विचारते आहे. या कायद्याखाली तक्रार करायचा अधिकार सरकारनं काही संस्थांना दिला आहे, त्यांत स्तनपानासाठी काम करणारी बीपीएनआय आहे. ही संस्था आपल्या वर्ध्यातच १९९१ साली सुरू झाली. त्यांचा पत्ता माझ्याकडे आहे.

तुम्ही म्हणाल, ताई, आमच्यावर का घसरता, बायकांनाच हल्ली पाजायचं नसतं. हे मी तुमच्याच केबिनबाहेर ऐकलं आहे. मग हे आकडे बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, देशातल्या ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली आढळली. जन्मल्यापासून तासाभरात अंगावर घेतलेली बाळं फक्त ४१.८ टक्के. पहिल्या तासात बाई कुठे असते? टेबलावर असते. बाळ कुणाच्या हातात असतं? तुमच्या माणसांच्या. त्या तासात बाईचं मन बदलायला वेळही नसतो. शिवाय खासगी दवाखान्यांत ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरनं होतात असं तेच सर्वेक्षण सांगतं, सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के. सिझर झालेल्या बाईला उठता येत नाही, कुशीवर वळता येत नाही, तिला बाळ कुणीतरी आणून छातीवर ठेवावंच लागतं. म्हणजे जिथे जास्त हात लागतात तिथेच तुम्ही हात ठेवले नाहीत.

आणि हे काही परदेशातून शिकून यायचं नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्या बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं, त्याचे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. त्याच वाटेनं पुढे देशभर आशाताईंच्या घरभेटी ठरल्या. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात. बाळाचं वजन करतात, पाजणं बघतात. मुंबईत सायनच्या महापालिका रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी उभी केली, आशियातली पहिली. आयआयटी मुंबईनं बाळाला अंगावर कसं लावायचं याचे व्हिडिओ केले आहेत, मराठीतही आहेत, फुकट आहेत. तुमच्या लॉबीतल्या मोठ्या टीव्हीवर दिवसभर काय चालतं? क्रिकेट आणि तुमच्याच आयव्हीएफ सेंटरची जाहिरात.

मला अखेर मदत मिळाली ती मैत्रिणीनं दिलेल्या एका फोन नंबरमुळे. स्तनपान सल्लागार. असा व्यवसाय असतो, त्याचं प्रशिक्षण असतं, परीक्षा असते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. तुम्हाला ठाऊक होतं. त्या बाई घरी आल्या, हात धुतले, खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "पाज बरं, मी नुसती बघते." तेवढ्यानंच माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण इतक्या जणांनी सल्ले दिले होते, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक पाजणं कुणी बघितलं नव्हतं. मुलीनं तोंड काढलं तेव्हा निपल तिरकं, चपटं झालेलं होतं. त्यांनी ते बघितलं आणि म्हणाल्या, बाळ टोकालाच चावतंय, तिच्या तोंडात पुरेसं जातच नाही.

मग त्यांनी मुलीला माझ्या काखेखाली घेतलं, पाय मागे, म्हणजे टाक्यांवर भार नको. मानेला हात, डोक्यावर दाब नाही. नाक निपलसमोर. तिनं तोंड उघडलं, मी घाईनं पुढे झाले, तर त्यांनी माझा खांदा मागे धरला. "थांब. अजून मोठं उघडू दे." जांभईएवढं उघडलं तेव्हा त्यांनी बाळाला छातीकडे आणलं, छातीला बाळाकडे नाही. हनुवटी आधी टेकली, खालचा ओठ बाहेर वळला. आणि दुखलं नाही. मी वाट बघत होते कधी दुखेल याची, पण नाहीच दुखलं. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, ऐक. मुलगी घोट घेत होती. ओढ, ओढ, घोट. बाळ गिळताना आवाज येतो, हे मी तोवर कधी ऐकलंच नव्हतं.

दुसऱ्या बाजूचं निपल आत ओढलेलं होतं. त्यांनी एक दहा मिलीची सिरिंज काढली, सुई लावायचं टोक कापलं, दट्ट्या कापलेल्या बाजूनं घातला, म्हणजे गुळगुळीत कड अंगाला लागते, आणि पाजण्याआधी हळूच ओढून निपल बाहेर कसं काढायचं ते दाखवलं. सिरिंज काही रुपयांची. तुमच्या प्रत्येक मजल्यावर खोकी भरून असते. पाजण्याआधी आणि पाजल्यावर त्याच कपड्यांत मुलीचं वजन केलं, म्हणजे पोटात किती गेलं ते कळतं. दूध येतंय का, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. लंगोट किती ओले होतात ते विचारलं. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा तरी ओले झाले तर पोटात जातंय समजायचं. पहिल्या दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच, दहा टक्क्यांवर गेलं तर मात्र ताबडतोब दाखवायचं. वरचं दूध एकदम बंद करायला लावलं नाही. काढलेलं दूध वाटी-चमच्यानं द्यायला लावलं आणि डबा टप्प्याटप्प्यानं खाली आणला. पुढे फोनवर विचारपूस करत राहिल्या. त्यांची एका भेटीची फी तुमच्या डिलक्स खोलीच्या एका दिवसाच्या भाड्याहून कमी होती.

एक गोष्ट स्पष्ट लिहिते, नाहीतर माझ्या पत्राचा दांडका घेऊन कुणी दुसऱ्याच बाईला झोडपेल. डबा वाईट नाही. काही बायकांना खरोखर दूध कमी येतं: जन्मतःच स्तनातल्या दूधग्रंथी कमी असतात, बाळंतपणात फार रक्त जातं, स्तनाची शस्त्रक्रिया झालेली असते. काही बाळांची साखर उतरते, काही फार लहान जन्मतात आणि तेव्हा वरचं द्यावंच लागतं. काही बायकांना पाजायचं नसतं, आणि तो त्यांचा निर्णय आहे. माझ्या शेजारच्या खोलीतल्या बाईनं डबा घेतला, तिचं बाळ छान आहे. पण निर्णय करायला समोर दोन गोष्टी असाव्या लागतात. तुम्ही एकच ठेवली होती. आणि ज्या बाईला खरोखर दूध कमी आहे, तिलाही ते कुणीतरी नीट बघून, कारण शोधून, तिच्याजवळ बसून सांगायला हवं.

ऑगस्टचा पहिला आठवडा आला की तुम्ही स्तनपान सप्ताह साजरा करता. गेल्या वेळचे फोटो मी पाहिले. रांगोळी होती, पाहुण्या होत्या, फीत कापली. यंदा फीत राहू द्या. एक प्रशिक्षित स्तनपान सल्लागार पगारावर नेमा, आणि रात्रपाळीच्या सिस्टरना तिच्या हाताखाली शिकू द्या, कारण बाळं रात्री रडतात आणि डब्याच्या चिठ्ठ्या रात्रीच लिहिल्या जातात. सातव्या-आठव्या महिन्यातल्या तपासणीत प्रत्येक बाईला पाजण्याबद्दल सांगायची वेळ ठेवा. बाळाला वर न्यायची पद्धत बंद करा. सिझर असलं तरी त्याला आईच्या उघड्या छातीवर ठेवा. टीव्हीवर ते व्हिडिओ लावा. पैसे कुठून आणायचे असं विचाराल, तर माझं बिल काढून बघा. फुगे, फोटो आणि पावलांची फ्रेम यांची बेरीज करा. एका माणसाचा पगार त्यातून निघतो का, ते मला कळवा.

माझ्या फाइलची प्रत मी तुमच्या रेकॉर्ड विभागातून मागून घेतली आहे. 'टॉप फीड, ३० मिली' या नोंदीपुढे 'कारण' असा रकाना आहे. तो कोरा आहे. माझी मुलगी पूर्ण दिवसांची होती, वजन चांगलं होतं, साखर तपासल्याची नोंद नाही. तो रकाना भरून, खाली तुमची सही करून, मला पंधरा दिवसांत पाठवा. पत्ता तुमच्या रजिस्टरमध्ये आहे.

आपल्याकडे बाळंत झालेली,
दुसऱ्या मजल्यावरची एक पेशंट